नंदा, किल्टवर काय घालायचं?

नंदा, तू गेल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस मला तुझंच कौतुक ऐकवतंय. भेटायला येतात माझ्याकडे, चहा पितात माझ्या हातचा, आणि बोलतात तुझ्याबद्दल. "तुमची जाऊ म्हणजे काय बाई होती हो!" मी मान हलवते. नाही कुठं म्हणतेय मी? पण तू वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या, अशी इतकी वर्षं मी हेच ऐकत काढली. वाटलं होतं, निदान तू गेल्यावर तरी लोक विचारतील, तुमचं कसं चाललंय म्हणून. एकानंही विचारलं नाही.

माझा हेवा तुला माहीत होता. तू कधी बोलली नाहीस, मीही नाही. तू तळेगावाहून या घरात आलीस तेव्हा पुनावळ्यात सगळी शेतंच होती, आणि आम्ही सुना डोक्यावर पदर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जायचो, तेही दोघी-तिघींनी मिळून. तू वर्षाच्या आत स्कूटी शिकलीस. काळा गॉगल लावून चिंचवडला भाजी आणायला जायला लागलीस. मी सासूबाईंकडे बघितलं, आता या काय म्हणतात. त्या म्हणाल्या, "येताना माझं औषिध घिऊन ये गं." बस, एवढंच. मला त्यांनी देवळाच्या पायरीवर पदर सरकला म्हणून झापलेलं होतं.

आणि ऋतू. तुला दोन्ही मुलगे, मला ही एकच पोर. पण शाळेतून आली की दप्तर माझ्या दारात टाकून सरळ जिना चढायची. वेणी तुझ्याकडे, गॅदरिंगचा ड्रेस तुझ्याकडे, मैत्रिणीशी भांडण झालं तर रडणंही तुझ्याकडे. चारचौघांत तू हसत म्हणायचीस, "पोरगी माझी, जन्म तेवढा ताईंनी दिलाय." सगळे हसायचे. मीही हसायचे. हसून झाल्यावर आत जाऊन उगाच भांडी घासत बसायचे.

ऋतू हिंजवडीजवळ माणच्या कंपनीत लागली, मग कंपनीनं तिला स्कॉटलंडला पाठवलं. तिथं कॅलम भेटला. हे मला कळलं तेव्हा तुला कळून वर्ष होऊन गेलं होतं. नंदा, बाकी सगळं मी गिळलं असतं, पण हे अजून घशातून खाली उतरत नाही. मी तुला विचारलं, "तू मला सांगितलं का न्हाईस?" तर तू म्हणालीस, "ताई, तिनं शपथ घातली होती." शपथ घालायला पोरीला तूच सापडलीस, हेच तर माझं दुखणं होतं.

पण एक कबूल करते. हे जेव्हा ओरडले, "गावाला तोंड काय दावायचं?" तेव्हा मी पदराशी चाळा करत उभी राहिले आणि तू, धाकटी सून असून, मोठ्या दिरासमोर येऊन म्हणालीस, "दादा, कोणतं गाव? समोरच्या टॉवरमध्ये बघा, निम्म्यांना मराठी येत नाही. आपल्या घरात एक आला तर काय बिघडलं?" हे आधी लाल झाले आणि मग खुर्चीत बसले. ते बसले तेव्हाच लग्न ठरलं. ते माझ्या मुलीचं लग्न होतं, आणि ते तू ठरवलंस.

लग्न इथंच झालं, आपल्या पद्धतीनं, मे महिन्यात. कॅलमनं धोतर नेसलं, मुंडावळ्या बांधल्या, सगळं निमूटपणे केलं. सगळे त्याला कलमराव म्हणायला लागले आणि तो त्या हाकेला ओ द्यायलाही शिकला. तुला "काकू" म्हणायचा अगदी स्वच्छ. मला आई म्हणायला जायचा तर "आय" व्हायचं.

दोन दिवसांनी हिंजवडीच्या हॉटेलातल्या लॉनवर ऋतूच्या ऑफिसच्या मित्रमैत्रिणींसाठी जेवण ठेवलं होतं. निमंत्रण मोबाइलवर आलं, त्यात खाली लिहिलेलं, ड्रेस कोड सेमी-फॉर्मल. हे चष्मा लावून वाचत बसले.

"सेमी म्हंजी निम्मं," हे म्हणाले. "निम्मं काय घालायचं माणसानं?"

तेवढ्यात ऋतूनं सांगितलं, की कॅलमला त्या दिवशी किल्ट घालायचाय, त्यांच्याकडचे पुरुष घालतात तो घागऱ्यासारखा. फोटो दाखवला. यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "आता कळलं. वरनं सायब आन् खालनं लुंगी. ह्येच निम्मं फॉर्मल."

आम्ही सगळे हसलो. तू हसली नाहीस. तू कॅलमला विचारलंस, तुझ्या त्या मोडक्या इंग्रजीत, का रे बाबा, हेच का घालायचंय. तो ऋतूशी बोलला. मग ऋतूनं त्याचं बोलणं आम्हाला सांगितलं. त्याचे वडील आजारी होते, आईला त्यांना सोडून येता आलं नव्हतं. लग्नात त्याच्याकडचं एकही माणूस नव्हतं. हा किल्ट त्याच्या वडिलांचा होता, तो निघताना त्यांनी बॅगेत घालून दिला होता. तो म्हणत होता, लग्नात मी सगळं तुमचं घातलं, आनंदानं घातलं. एक दिवस माझ्या घरचं काहीतरी अंगावर असू दे.

मग कोणी हसलं नाही.

आता प्रश्न राहिला, त्यावर घालायचं काय. जेवणाच्या दिवशी सकाळी तुझ्या खोलीत, कपाटाच्या मोठ्या आरशापुढं, त्यानं सगळं पलंगावर मांडलं. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा तो जाड लोकरी कपडा, मागं चुण्या, कमरेला पट्टे. चांदीच्या गुंड्यांचा आखूड काळा कोट. काळा बो. गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे. आणि पुढं लटकवायची एक केसाळ पिशवी. हे दारातून डोकावले आणि म्हणाले, "ह्ये कोणचं जनावर?" आणि तू त्यांना हाकलून लावलंस.

कॅलमनं समजावलं, तो काळा कोट आणि बो म्हणजे अगदी मोठ्या समारंभाचा थाट, त्यांच्याकडं लग्नात, रात्रीच्या मेजवानीत घालतात. साध्या जेवणाला तो जास्त होतो. आणि मेच्या उकाड्यात तो घालून माणूस भाजून निघाला असता. तिथं अशा वेळी लोकरी करडा कोट घालतात म्हणे, तो त्यानं आणलाच नव्हता.

मला वाटलं, हीच माझी वेळ. मी खाली गेले आणि माझं बोचकं घेऊन आले.

नंदा, त्या बोचक्यातला कोट मी आदल्या दिवशी, किल्टचं ठरल्यावर, एकटीनं जाऊन घेतला होता. ऋतूनं मागं एकदा त्याचा याच किल्टमधला फोटो पाठवला होता, तिच्या वाढदिवसाचा. मी तो मोठा करून करून बघितला होता. त्या हिरव्या-निळ्या चौकड्यांतून एक बारीक मरून रेघ जाते, दोऱ्याएवढी. ती धरून मी चिंचवडच्या दुकानांतून मरून रंग शोधत हिंडले. बरोबर तोच हवा होता, लाल नको, जांभळट नको. शेवटी सापडला तो जोधपुरी, गळ्याला आणि हाताला जरीचं काम. जावयाला माझ्याकडून. त्याच्या घरच्या कपड्यावर माझ्या घरचा कोट. मला वाटलं होतं, हे सगळ्यांना दिसेल.

त्यानं तो घातला. तू मागं सरकलीस, मान तिरकी केलीस, तुझी ती सवय.

"ताई, कोट सुंदर आहे," तू म्हणालीस. "पण यावर नको."

"का नको?"

"बघा ना. खाली एवढ्या चौकड्या बोलतायत. वरच्यानं गप्प बसायला हवं."

काय झालं माझं कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तू वरचीच हायेस की. बस ना गप!"

कॅलमला शब्द कळले नाहीत, पण तो कोटाच्या गुंड्या सोडायचा थांबला. मला वाटलं, आता तू बोलशील. बोलायला तुझ्याकडं पुष्कळ होतं. पण तू आधी माझ्याकडं बघितलंस, मग स्वतःकडं आरशात बघितलंस आणि खो खो हसत सुटलीस. पलंगावर बसून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ऋतू हसली, मग कॅलम हसला. मी तशीच उभी. भांडायला माणूस समोर असावं लागतं नंदा, आणि तू मला कधी ते सुख दिलं नाहीस.

हसून झाल्यावर तू सरळ म्हणालीस, "ताई, हा त्याच्या बापाचा कपडा आहे. आज तो दिसू दे. तुमचा कोट आपण त्याला दिवाळीत घालू, पँटवर, बघा कसा राजा दिसतो."

मी म्हणाले, "तुमाला काय करायचं ते करा," आणि जिना उतरले.

मग तू काय केलंस ते मी खिडकीतून बघितलं. कॅलमला स्कूटीवर मागं बसवलंस आणि निघालीस. एवढा सहा फुटी माणूस, गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर, हेल्मेट त्याच्या डोक्यावर नुसतं टेकलेलं. सर्व्हिस रोडवरचे रिक्षावाले वळून बघत होते. तुझा गॉगल, तुझी ओढणी, मागं माझा जावई. तो हसत होता. माझ्याबरोबर तो इतका मोकळा कधी हसला नव्हता, कारण मी त्याला जेवायला वाढण्यापलीकडं काही केलंच नव्हतं.

संध्याकाळी तो खाली आला तेव्हा, खरं सांगते, छान दिसत होता. वर पांढरा साधा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचं राखाडी जाकीट, कसली चमक नाही, काही नाही. केसाळ पिशवीच्या जागी त्याची जुनी चामड्याची साधी पिशवी. मोजे घडी घालून नीट. बुटांच्या लांबलचक नाड्या पायावर गुंडाळायच्या असतात म्हणे, त्या तू घोट्यापाशीच बांधायला लावल्यास. सगळं लक्ष आपोआप त्या चौकड्यांकडं जात होतं. त्याच्या बापाकडं, म्हण ना. यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आता बरूबर हाय." यांच्या तोंडून जावयाबद्दल ते पहिलं बरं वाक्य.

लॉनवर ऋतूच्या मैत्रिणी फोटो काढत होत्या. एकीनं विचारलं, हे सगळं कोणी सुचवलं? ऋतू ओरडली, "माझ्या काकूनं!" मी तिच्या शेजारीच उभी होते, हातात तिची पर्स धरून.

थोड्या वेळानं कॅलम माझ्याकडं आला. गळ्यातला टाय हातात धरून मला दाखवायला लागला. मी आधी नीट बघितलाच नव्हता. मरून होता तो. साधा, विणलेला, बारीक. त्या रेघेचा अगदी तोच रंग.

"काकू बोलली," तो म्हणाला. शब्द जुळवत, एक एक करून. "आयचा कलर."

मी तुला शोधलं. तू पाणीपुरीच्या स्टॉलवर होतीस, तोंड भरलेलं, माझ्याकडं पाठ. म्हणजे तुला ती रेघ दिसली होती. मी तो रंग कुठून आणला हे तुला त्या खोलीतच कळलं होतं, आणि तू चारचौघांत बोलून दाखवलं नाहीस. माझा कोट नाही म्हणालीस, पण माझा रंग त्याच्या छातीवर ठेवलास. लोक म्हणतील, किती मनाची मोठी. म्हणतीलच. माझ्या मनात काय आलं सांगू? हेही हिलाच सुचावं! मी जर तुझ्या जागी असते तर मला हे सुचलं नसतं, आणि ते मला त्या लॉनवर उभ्या उभ्या कळलं. तुझ्या सगळ्या गुणांत मला सर्वांत जास्त हेवा वाटला असेल तर तो त्या टायचा.

मी तुझे आभार मानले नाहीत. घरी येताना गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. मी खांदा हलवला नाही, एवढंच.

त्या कोटाचं भांडण मात्र मिटलं नाही. तू अधूनमधून काढायचीस. "ताई, चिडलात का अजून?" मी म्हणायचे, "कशाला चिडू?" यावर्षी दवाखान्यात तुला सलाइन लावलेलं, डेंग्यूनं अंगात त्राण नाही, आणि तरी मला म्हणालीस, "ताई, तो कोट मला द्या. माझ्या विकीच्या लग्नात घालेल कॅलम. दिवाळीत काही तो आला नाही." मी म्हणाले, "आधी बरी व्हय, मग बघू." तू म्हणालीस, "बघू म्हणजे नाही." मी पेज भरवत होते, म्हणाले, "गप खा." गप्प राहिलीस, खाल्लीस. आपलं शेवटचं बोलणं ते. पुढं तुला बोलताच आलं नाही.

आणखी एक सांगितलं होतंस, "ऋतूला कळवू नका, धावत येईल." मी कळवलं नाही. मला तिच्या जिवाची काळजी होती असं नाही नुसतं. तुझ्यासाठी ती धावत येईल हे मला बघायचं नव्हतं.

आली. तू गेल्यावर आली. दारात टॅक्सी थांबली, ती आणि कॅलम उतरले, मी हात पसरून पुढं झाले, आणि ती माझ्या हातांखालून जिना चढून वर गेली. तिचं रडणं खालच्या मजल्यावर ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते, मी गेले तर ही इतकी रडेल का? मेलेल्या माणसाचा हेवा करावा, एवढी वेळ माझ्यावर आली नंदा. आणि तरी मला तुझाच राग येत होता, की अशी न सांगता निघून गेलीस. आता मी हेवा करायचा तरी कोणाचा?

तेराव्याच्या आदल्या दिवशी कॅलम ऋतूला घेऊन माझ्याकडं आला. किल्ट हातात होता. ऋतू म्हणाली, त्यांच्याकडं मयताच्या कार्याला पुरुष हा घालतात, मानानं. त्याला काकूसाठी घालायचाय. चालेल का?

मी यांच्याकडं बघितलं. यांनी त्या किल्टवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तिला आवडायचा. घालू द्या."

"वर काय घालू?" कॅलमनं विचारलं. मराठीतच विचारलं. ते दोघं माझ्याकडं बघत राहिले. मी ऋतूकडं बघितलं, ती माझ्याकडं. मला विचारत होते ते. वर विचारायला कोणी उरलं नव्हतं म्हणून विचारत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी बरं वाटलं. लाज वाटावी असं बरं वाटलं.

त्यानं काळा कोट आणि काळा टाय आणला होता. मी सांगितलं, आपल्याकडं काळं नको. यांचा पांढरा नेहरू शर्ट घालून बघितला. तो मांडीपर्यंत आला, किल्ट निम्म्याहून जास्त झाकला गेला. काढायला लावला. मग मी त्याला रिक्षात घालून बाजारात घेऊन गेले, पहिल्यांदाच आम्ही दोघं कुठं गेलो असू. साधा सुती पांढरा शर्ट घेतला, मापाचा. टाय नाही. चामड्याची पिशवी नाही, घरात विधी होते. मोजे नाहीत, बूट नाहीत, अनवाणी. दुकानदार उपरणं दाखवत होता, खांद्यावर टाकायला. मी हातात घेतलं, आणि परत ठेवलं.

काल सकाळी तो तसाच आला. पांढरा शर्ट, वडिलांचा किल्ट, उघडे पाय. तुझ्या फोटोपुढं वाकला. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि माझ्या मनात होतं, हे मी केलं. हे मी एकटीनं केलं.

तेवढ्यात शेजारच्या पारूआत्या माझ्या कानाशी आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "नंदा असती तर तिनं बी आस्संच घालाया लावलं असतं. तिचीच नजर बाई ही."

नंदा, तू गेल्यापासून मी रडले नव्हते. सगळे येत होते, स्वयंपाक होता, पाहुणे होते. त्या क्षणी मात्र मला असं रडू फुटलं, की मला भिंत धरावी लागली. संतापानं फुटलं. माझं म्हणून एक काम या घरात केलं, तर तेही तुझ्या नावावर गेलं. आणि रडता रडता मला कळेना, की मला वाईट त्याचं वाटतंय का पारूआत्या बरोबर बोलल्या त्याचं.

ऋतू धावत आली. या वेळी माझ्याकडं. मला मिठी मारली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आई, काकूची आठवण आली ना?"

मी "व्हय" म्हणाले. दुसरं काय सांगणार होते तिला? खरं कारण ओळखणारी बाई या घरात एकच होती.